शिवी कुणाच्या तोंडून, कुणाच्या कानावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतल्या शिक्षकांशी आणि नव्या बातमीदारांशी भाषेबद्दल बोलायला मी बरीच वर्षं जाते आहे. विषय शुद्धलेखनाचा असो की भाषांतराचा, तास संपत आला की कुणीतरी जवळ येऊन हळूच विचारतं, ‘ताई, अमुक शब्द लिहिला तर चालेल का?’ असे पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. काही शब्द पूर्ण लिहिले आहेत. फुल्या मारून त्यांच्याबद्दल नीट बोलता येत नाही.

काही शब्द मुळातच घाणेरडे असतात ना?

मला तसं वाटत नाही. ‘रांड’ हा शब्द घ्या. जुन्या मराठीत त्याचा एक अर्थ सरळ ‘विधवा’ असा आहे. ‘रांडाव’ म्हणजे वैधव्य, आणि खेड्यातल्या म्हाताऱ्या बायका ‘ती रंडकी हाय बिचारी’ असं आजही कळवळ्यानं म्हणतात. नवरा गेलेल्या बाईला समाजानं ज्या पायरीवर बसवलं, ती पायरी शब्दाला चिकटली. बाईची विटंबना आधी झाली, शब्दाची नंतर.

उलट्या बाजूनं ‘भय्या’ पाहा. उत्तरेत तो थोरला भाऊ. अख्ख्या शब्दात मायेखेरीज काही नाही. पण मुंबईत दूधवाला, भाजीवाला, रिक्षावाला, सगळ्यांना एकाच हाकेत गोळा करून ‘ए भय्या’ म्हटलं, की त्या माणसाचं नावगाव पुसलं जातं आणि उरतो फक्त परप्रांतातून पोट भरायला आलेला कुणीतरी. लखनौत बहीण भावाला मारते तीच ही हाक, आणि दादरच्या पुलाखाली तिचं असं होतं.

कोकणातला ‘आयचा घो’ तर आणखी निराळा. घो म्हणजे नवरा, आईचा नवरा म्हणजे बाप. एवढाच त्याचा अर्थ. तरी मालवणी माणसाला तो कुठे म्हणायचा आणि कुठे गिळायचा हे कुणी शिकवावं लागत नाही.

कोल्हापूरकडे मित्र मित्राला ‘रांडेच्या’ म्हणतो आणि मिठी मारतो. मग ती शिवी नाही का?

त्या दोघांपुरती नाही. ‘काय रांडेच्या, हैस कुठं इतकी वर्षं?’ यात जेवढी ओढ आहे तेवढी ‘नमस्कार, कसे आहात?’ यात कधी येणार नाही. नागपूरच्या ‘काय बे’चंही तसंच. तिथं ते बोलण्यातलं मीठ आहे. पण तोच मुलगा पुण्यात शिकायला येऊन दुकानदाराला ‘कितीला आहे बे?’ म्हणाला, की समोरचा चेहरा आखडतो. मुलाच्या मनात काहीही नसतं, आणि दुकानदाराचा रागही खोटा नसतो.

अशा वेळी मी एकच खूण तपासायला सांगते: समोरच्याला तोच शब्द तुम्हाला उलट म्हणता येतो का? आणि म्हटल्यावर त्याचं काही बिघडत नाही ना? दोन वर्गमित्रांत येतो. मालक आणि सालगड्यात येत नाही. मालक गड्याला हसत हसत ‘रांडेच्या’ म्हणेल, गडीही हसेल, पण त्या हसण्यात पुढच्या वर्षीच्या सालाची काळजी असते. साहेब आणि शिपाई, थोरली जाऊ आणि नवी सून, कंत्राटदार आणि बिगारी, सगळीकडे हेच. जिथून शब्द परत येऊ शकत नाही तिथे ती गंमत नव्हे.

आणखी एक. मित्राला लागलं नाही हे खरं, पण आपल्या बहुतेक शिव्या मित्राला नसतातच, त्याच्या आईला नाहीतर बहिणीला असतात. ती त्या गप्पांत नसते. मैत्रीची कितीही उब असली तरी हे मला खटकतं, आणि मी ते लपवत नाही.

शिमग्यात शिव्या दिलेल्या चालतात. मग एरवी का नाहीत?

कारण शिमग्याला कुंपण आहे. याचं मला माहीत असलेलं सर्वांत चोख उदाहरण म्हणजे सातारा जिल्ह्यातला ‘बोरीचा बार’. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी अशी दोन गावं आहेत, मधून ओढा वाहतो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका आपापल्या काठावर जमतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करत, एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. बघायला लांबून माणसं येतात.

इथे काय काय जमून आलंय ते बघा. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, मध्ये ओढा. दोन्ही बाजू तोलामोलाच्या आणि दोघींनाही तोंड उघडायची सारखीच मुभा. शिवाय एरवी ज्या बायकांनी मोठ्यानं बोललेलंही खपत नाही, त्याच इथे पुढे असतात. अमुक एका बाईला गाठून तिला रडवणं हा हेतू नसतो. यातली एक गोष्ट जरी काढली तरी बाराचं भांडण होईल. लग्नात विहिणीला टोचणारी गाणीसुद्धा याच जातीची: मांडवात गोड, चार महिन्यांनी सुनेला ऐकवली तर छळ.

होळीच्या रात्री चार पुरुष एकट्या राहणाऱ्या बाईच्या दारासमोर बोंब मारतात आणि ‘शिमगाच आहे’ म्हणतात, त्यात यातलं काहीही नसतं. सणाचं नाव घेऊन केलेली ती दहशत आहे.

जातीचं नाव ही शिवी कशी? सरकारी दाखल्यावर तेच तर लिहिलेलं असतं.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि विचारणारे नेहमीच खोडसाळ नसतात. म्हणून सविस्तर लिहिते.

‘महार’ हा एकच शब्द धरून चला. ‘जोहार मायबाप जोहार, तुमच्या महाराचा मी महार’ असं चोखोबा विठ्ठलाला म्हणतो. गावगाड्यात मान खाली घालून रोज म्हणावा लागणारा जोहार तो देवासमोर घेऊन जातो, तेव्हा त्या शब्दात भक्तीही असते आणि सातशे वर्षांनंतरही ऐकणाऱ्याच्या घशात अडकणारं दुःखही. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. तिथल्या जवानाच्या बिल्ल्यावर हाच शब्द शौर्याची खूण म्हणून येतो. तहसील कचेरीतल्या दाखल्यावर तो नुसती नोंद असतो. आणि विहिरीपाशी, पाणी भरणाऱ्या बाईकडे बघून तोच शब्द कुणी ओरडला, तर त्याचा अर्थ असतो: ‘तू कोण आहेस ते विसरू नकोस.’

यात १९५६ नंतर आणखी एक पदर आला. १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि जुनी ओळख टाकून दिली. आज अशा घरातल्या माणसाला ‘म्हणजे तुम्ही महार ना?’ असं विचारणाऱ्याच्या मनात काही नसेलही. पण त्या घरानं घेतलेला निर्णय तो एका वाक्यात रद्द करतो. जे दार त्यांनी मागे बंद केलं, त्यातूनच त्यांना पुन्हा आत ढकलतो.

वस्त्यांचंही तेच. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती ही नावं कागदोपत्री कित्येक पिढ्या चालली. २०२०च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळानं जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला आणि समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. ‘नाव बदलून काय होतं?’ असं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं. ज्याला शाळेच्या अर्जावर पत्ता म्हणून ‘मांगवाडा’ लिहावं लागलं, त्याला मात्र हा प्रश्न पडला नाही.

त्यांनी स्वतःला म्हटलं तर अभिमान आणि आम्ही म्हटलं तर अपमान, हा दुजाभाव नाही का?

नाही. स्वतःच्या घरातला प्रसंग आठवा. आई तुम्हाला ‘गाढवा’ म्हणते, तुम्ही हसता. शेजारी तुम्हाला ‘गाढवा’ म्हणाला तर तुमच्याआधी आईच भांडायला उठते. तेव्हा तिला कुणी दुजाभाव करते म्हणत नाही.

मराठीत तर अंगावर फेकलेले शब्द उचलून त्यांची निशाणं करायची मोठी परंपरा आहे. बाबासाहेबांनी १९२० साली पत्राला नाव दिलं ‘मूकनायक’. १९२४ साली संस्था काढली ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’, आणि १९२७ साली पत्र ‘बहिष्कृत भारत’. ज्यांना गावानं बाहेर टाकलं त्यांनी ते बाहेर टाकणंच मथळ्यावर छापलं, म्हणजे लाज वाटायचीच तर टाकणाऱ्याला वाटावी. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. दलित म्हणजे दळला गेलेला, भरडलेला. त्यापुढे पँथर हा शब्द लागला आणि भरडलेल्याला नखं आली. पुढे लक्ष्मण माने यांनी आत्मकथेला ‘उपरा’ म्हटलं, लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’. उचल्या म्हणजे भुरटा चोर. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या आणि तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी पोलिसाच्या तोंडातला शब्द गेला नाही. तोच शब्द लेखकानं मुखपृष्ठावर घेतला. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या आत्मकथनाचं नाव ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ असं आहे. या नावातल्या ‘मी’वर बोट ठेवा. तो ‘मी’ काढून ‘तू’ घातला, की सगळं उलटं होतं.

हा हक्क झेललेल्या मारातून येतो, तो उसना मिळत नाही. ‘माझे कितीतरी मित्र त्या समाजातले आहेत’ म्हणूनही मिळत नाही. आणि त्या समाजातही सगळ्यांचं एकमत नसतं, हे विसरू नये. स्वतःला दलित म्हणवून घ्यायला ठाम नकार देणारे तरुण बौद्ध मला भेटले आहेत. तो शब्द त्यांना पुन्हा भरडल्यासारखा वाटतो. तो त्यांच्या घरातला वाद आहे. मी तो ऐकते. मिटवायला जात नाही.

हेतू चांगला असेल तर शब्द लागायचं कारण काय?

या प्रश्नाचं उत्तर ‘हरिजन’ या शब्दात आहे. गांधीजींनी अस्पृश्य मानलेल्यांसाठी तो १९३२-३३च्या सुमारास रूढ केला आणि १९३३ साली त्याच नावाचं साप्ताहिक काढलं. हरीचे जन, देवाची माणसं. हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण बाबासाहेबांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो कधीच मान्य झाला नाही. १९३८च्या जानेवारीत मुंबई विधिमंडळात एका विधेयकात हा शब्द घालण्यावरून त्यांनी विरोध केला, आणि ऐकलं जात नाही म्हटल्यावर ते सभात्याग करून बाहेर पडले.

त्यांना काय बोचलं असेल? आम्ही हरीचे जन, तर बाकीचे कुणाचे? आणि आमचं नाव ठेवताना आम्हाला विचारलं कुणी? पाण्याचा, जमिनीचा, देवळाच्या दाराचा हिशेब बाजूला राहिला आणि हातात एक गोड नाव पडलं. पुढे १९८२ साली केंद्र सरकारनं जातीच्या दाखल्यांवर हा शब्द लिहू नये असं कळवलं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानंही नोंदवलं की तथाकथित वरच्या जातींतले लोक हा शब्द हिणवण्यासाठी वापरतात.

तरी आमच्या गावाकडचे एक वृद्ध, आयुष्यभर खादी वापरलेले, अगदी प्रेमानं ‘हरिजन’च म्हणत. त्यांना मी दोषी मानत नाही. पण त्यांना सांगितल्यावर ते थबकले आणि म्हणाले, ‘त्यांना आवडत नसेल तर मी कशाला म्हणू?’

‘दलित’ लिहायचं की नाही?

सरकारी कागदात आणि कायद्याच्या बातमीत ‘अनुसूचित जाती’. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातल्या प्रकरणानंतर २०१८च्या ऑगस्टमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांनाही तसंच सुचवलं. साहित्य, चळवळ, इतिहास यांच्याबद्दल लिहिताना ‘दलित’ टाळणं म्हणजे इतिहास खोडणं. एका जिवंत माणसाबद्दल लिहीत असाल तर त्यालाच विचारा.

एकही वाईट शब्द न वापरता अपमान होतो का?

मराठीत तर फार सहज होतो. आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहेत, तेवढं पुरतं. पंचवीस वर्षांचा मुलगा साठीच्या सफाई कामगाराला ‘ए, इकडे ये’ म्हणतो आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला ‘या ना काका’. व्याकरणात काहीच चुकलेलं नसतं.

नावाच्या शेवटी लागणारा ‘या’ही असाच. मित्रांत राम्या, दिन्या, पक्या. किती लाडाचं वाटतं. पण पाटलाच्या ओट्यावरून ‘धोंड्या, किसन्या’ अशा हाका ज्यांच्या आजोबांनी ऐकल्या, त्यांना तो ‘या’ आजही टोचतो. चांगल्या पगाराच्या नोकरीत असलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला सांगितलं होतं की वडिलांना गावात आयुष्यात एकदाच कुणीतरी ‘राव’ लावलं, आणि त्या दिवशी ते घरी येऊन बराच वेळ गप्प बसून होते.

आणि तो अतिसभ्य प्रश्न, ‘आडनाव काय आपलं?’ रेल्वेत शेजाऱ्यानं विचारलं तर ओळख वाढवणं. भाड्यानं खोली बघायला गेल्यावर दारातच विचारलं, मग ‘नाही, गाव कुठलं?’ असं पुढचं आलं, की विचारणारा आणि उत्तर देणारा दोघांनाही चाचणी कसली चालली आहे ते ठाऊक असतं. माझ्या एका विद्यार्थिनीला एका शहरात महिनाभर खोली मिळाली नाही. त्या महिन्यात तिला एकही शिवी कुणी दिली नव्हती.

कायदा शब्द बघतो की प्रसंग?

प्रसंग, आणि बोलणारासुद्धा. १९८९च्या अत्याचार प्रतिबंध कायद्यात जातीवरून अपमान करण्याचा गुन्हा सांगताना सुरुवातच अशी आहे की बोलणारा स्वतः अनुसूचित जाती किंवा जमातीचा नसावा. ऐकणारा असावा. आणि घडावं लोकांच्या नजरेसमोर. शब्द तोच असूनही या तीन गोष्टींवर गुन्हा ठरतो. ‘त्यांनी म्हटलं तर चालतं का?’ याचं कायद्यानं दिलेलं उत्तर हे असं आहे.

‘लोकांच्या नजरेसमोर’ म्हणजे काय, यावर २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं खुलासा केला. जागा खासगी असली, म्हणजे घराचं फाटक किंवा अंगण, तरी रस्त्यावरून दिसत-ऐकू येत असेल तर ते नजरेसमोरच. बंद खोलीत, बाहेरचं कुणी नसताना झालं तर या कलमात बसत नाही, हे २०२०च्या निकालातही आलं. मला स्वतःला हे शेवटचं पटायला जड जातं. चार भिंतींत ऐकलेला शब्द काही हळू लागत नाही.

बाकी साध्या शिवीगाळीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२ आहे. तिथे मुद्दाम अपमान करून समोरच्याला शांतताभंगाला चिथावलं का, हे बघतात. तुमच्यावर असा प्रसंग आला असेल तर वकिलाचा सल्ला घ्या. माझं ज्ञान भाषेचं आहे.

कथा-कवितेत शिव्या आल्या तर?

कुणाच्या तोंडी आल्या हा तिथेही पहिला प्रश्न. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’तली भाषा १९७२ साली अनेकांना सोसली नाही. पण ती कामाठीपुऱ्याच्या गल्लीतल्या माणसांची भाषा होती, आणि सभ्य मराठीत ते आयुष्य मांडणं म्हणजे त्यावर पांढरा रंग फासणं झालं असतं.

न्यायालयंही याच वाटेनं गेली आहेत. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवरचा अश्लीलतेचा खटला १९६९ साली सर्वोच्च न्यायालयात संपला. समाजाची मोजमापं काळाबरोबर बदलतात हे मान्य करून लेखकाला निर्दोष ठरवलं गेलं. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेचं मात्र वेगळं झालं. २०१५ साली न्यायालयानं म्हटलं की सर्वांना आदरणीय अशा ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घातली तर कसोटी अधिक कडक होते. म्हणजे तेच शब्द एखाद्या हमालाच्या तोंडी असते तर चालले असते. या निकालाबद्दल मी समाधानी नाही. कवीला मोठ्या माणसांना हात लावायची मोकळीक हवी. पण कुणाच्या तोंडचा शब्द, हा मुद्दा किती खोल जातो ते त्यातून दिसतं.

वर्गात असा उतारा शिकवताना शब्द मोठ्यानं वाचायचा का, असं शिक्षक विचारतात. समोरच्या बाकांवर कोण बसलं आहे ते आधी आठवा. जातिवाचक शब्द येतो आणि अख्खा वर्ग वळून एकाच मुलाकडे बघतो, हे मी पाहिलं आहे. त्या दिवशी तो धडा त्या मुलाच्या डोक्यात शिरला नसणार. आदल्या दिवशीच वर्गाला त्या शब्दाचा इतिहास सांगितलेला असेल, तर माना वळत नाहीत.

‘घाटी’चं काय?

घाटावरचा तो घाटी, मूळ अर्थ एवढाच. मुंबईत आणि गोव्यात तो अडाणी, गावंढळ या अर्थानं मराठी माणसावर फेकला गेला. ज्यांनी तो ऐकून घेतला आहे त्यांनी ‘भय्या’ म्हणण्याआधी ती चव आठवावी.

‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आलं, ते बरं ना?

सरकारी वापरात तेच आहे. पण ‘आमच्या अंगात दिव्य काही नाही, आम्हाला रॅम्प बांधून द्या’ असं सांगणारी माणसंही आहेत, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. ‘लंगड्या’, ‘आंधळ्या’ अशी हाक मात्र माणसाला पुसून फक्त त्याचं व्यंग ठेवते.

तोंडून शब्द निघून गेला तर काय करावं?

‘माझा तसा उद्देश नव्हता’ हे पहिलं वाक्य नको. त्यात पुन्हा आपण आपल्याबद्दलच बोलतो. ‘चुकलं माझं, पुन्हा म्हणणार नाही’ एवढं पुरे. चारचौघांत बोललो असू तर माफीही चारचौघांतच. आणि त्या माणसाला तिथल्या तिथे ‘असू दे हो’ म्हणायला लावू नये.

मुलानं शाळेतून एखादा शब्द आणला तर रागवावं का?

माझ्या भाच्यानं आणला होता. सात वर्षांचा, क्रिकेटचा वेडा. दिवसभर गच्चीवर ‘छक्का, छक्का’ ओरडायचा, कुणीही काही म्हणत नव्हतं. एका संध्याकाळी सिग्नलला थांबलो असताना गाडीच्या काचेशी एक तृतीयपंथी येऊन उभी राहिली, आणि तो तिच्याकडे बघून तोच शब्द म्हणाला. वर्गातल्या मुलांकडून शिकला होता. माझ्या बहिणीचा हात उगारला गेला, मी तो धरला.

काच खाली होती, तिनं ऐकलं होतं. ती वाकून त्याला म्हणाली, ‘बाळा, माझं नाव विचार ना.’

त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. सिग्नल सुटला. घरी पोचेपर्यंत तो गप्प होता. जिना चढताना त्यानं मला विचारलं, ‘मावशी, मॅचमध्ये म्हटलं तर चालेल ना?’ मी म्हटलं, चालेल.